मक्याचे एक शेत आणि तीन चरित्रे

चरित्र वाचावयास घेताना आपण मराठी माणसे नकळत एक साचा बरोबर घेऊन बसतो. महिपतीने संतांची चरित्रे ओवीबद्ध केली तेव्हापासून तो आपल्या अंगवळणी पडला आहे. नायक लहानपणापासून जगावेगळा असतो. घरच्यांना तो उमगत नाही. गावातील शहाणी मंडळी त्याचा छळ मांडतात. त्याच्या वह्या नदीत बुडविल्या जातात. आणि अखेर ज्यांनी टिंगल केली तेच पायांवर डोके ठेवावयास येतात. संतचरित्राला हा साचा शोभून दिसतो, कारण तेथे अखेरची साक्ष खुद्द देवाची असते. शास्त्रज्ञाच्या चरित्राची गोष्ट वेगळी आहे. तेथे साक्ष पुराव्याची लागते, तो पुरावा तपासणारी दुसरी माणसे लागतात, आणि ती माणसे काही सगळीच मंबाजी नसतात.

तरीही शास्त्रज्ञाला संत करण्याचा मोह लेखकाला होतो, आणि वाचकाला तर त्याहून अधिक होतो. १९८१ साली वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ प्रसिद्ध झाले आणि मातीत हात घालणारा एक वनस्पतिशास्त्रज्ञ मराठी घराघरांत जाऊन बसला. त्या पुस्तकावर वाढलेल्या वाचकांपुढे तीन इंग्रजी चरित्रे ठेवावीत, असे यंदा माझ्या मनात आहे. पहिले एव्हलिन फॉक्स केलर यांचे ‘अ फीलिंग फॉर दि ऑर्गनिझम’, १९८३ सालचे. दुसरे नॅथॅनिएल कम्फर्ट यांचे ‘दि टँगल्ड फील्ड’, २००१ सालचे. या दोहोंची नायिका एकच आहे, बार्बरा मॅक्लिंटॉक. तिसरे पॉल बर्ग आणि मॅक्सीन सिंगर यांनी मिळून लिहिलेले जॉर्ज बीडल यांचे चरित्र. ते २००३ साली आले. तिन्ही पुस्तके एकाच शेतातून निघाली आहेत आणि ते शेत मक्याचे आहे. म्हणूनच ती एकत्र वाचावयाची.

हे शेत अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील इथाका या गावी होते. तेथील कॉर्नेल विद्यापीठात रोलिन्स एमर्सन हे प्राध्यापक मक्याच्या आनुवंशिकीचा अभ्यास करीत. १९२९ साली त्या शेतात काढलेले एक छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापले गेले आहे. मध्यमवयीन एमर्सन, त्यांच्या बाजूला चार्ल्स बर्नहॅम आणि मार्कस ऱ्होड्स हे दोन तरुण, गुडघ्यापर्यंतच्या तुमानीत आखूड केसांची मॅक्लिंटॉक, आणि खाली कुत्र्याला जवळ घेऊन टेकलेला बीडल. दिवसभर उन्हात काम करून दमलेली शेतकरी मंडळी म्हणून कोणी हे चित्र दाखविले तर मी सहज विश्वास ठेवीन. या पाचांपैकी दोघांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. बीडल यांना १९५८ साली, मॅक्लिंटॉकबाईंना १९८३ साली.

आता मकाच का, हे थोडे सांगितले पाहिजे. नाही तर पुढचे सारे हवेत राहील. पावसाळ्यात कोळशावर भाजलेले कणीस, त्यावर लिंबू आणि तिखटमीठ, एवढी आपली मक्याशी ओळख. मक्याला फुले येतात हे आपल्या ध्यानातही येत नाही, कारण ती फुलासारखी दिसत नाहीत. ताटाच्या शेंड्यावर जो तुरा येतो ती नरफुले. आणि ताटाच्या अंगाला पानाआड जे कणीस धरते ती मादीफुलांची दाटी. कणीस सोलताना जे रेशमी केस आपण कंटाळून ओढून टाकतो, त्यांतील एकेक केस एकेका दाण्याकडे गेलेला असतो. त्या केसावर परागाचा कण पडला तर दाणा भरतो. न पडला तर कणसात ती जागा पोकळ राहते. नर आणि मादी अशी वेगळी बसल्यामुळे कोणाचा पराग कोणाला द्यावयाचा हे माणसाला ठरविता येते. केस बाहेर पडण्यापूर्वीच कणसाला कागदी पिशवी घालावयाची, तुऱ्याला दुसरी पिशवी बांधावयाची, नेमक्या दिवशी एकातला पराग दुसऱ्यावर झटकावयाचा, पुन्हा पिशवी घालावयाची, आणि चिठ्ठीवर आईबापांची नावे लिहून ठेवावयाची. आपल्याकडे लग्न जमविताना गोत्र आणि प्रवर जितक्या दक्षतेने पाहतात, तितक्याच दक्षतेने हे चालते. इथाकाच्या हवेत पीक वर्षाला एकच. एखादी चिठ्ठी चुकली की वर्ष फुकट.

शिवाय मक्याचा प्रत्येक दाणा म्हणजे वेगळे अपत्य. एका कणसावर शेकडो भावंडे ओळीने बसलेली असतात आणि आजोळचा रंग कोणी घेतला, बापाचा कोणी घेतला, हे उघड्या डोळ्यांनी मोजता येते. ज्याला वारसा वाचावयाचा आहे त्याच्या हाती निसर्गाने जणू खतावणीच दिली आहे.

हे सगळे राबणे आणि मोजणे प्रत्यक्ष शास्त्रीय निबंधात कसे उतरते? उतरतच नाही. निबंधात लिहिलेले असते की पराग दिला गेला, दाणे मोजले गेले, निष्कर्ष काढण्यात आला. प्रयोगशाळेत प्रयोग अनेक चालत असतील. पण लिहिताना एकच प्रयोग चालतो, तो म्हणजे कर्मणि. कर्ता जो एकदा वाक्याबाहेर जातो तो परत येत नाही. कोणाची पाठ दुखली, कोणी कोणाशी अबोला धरला, कोणाला रात्री झोप आली नाही, यांपैकी कशालाही तेथे जागा नाही. ती नसावी हेही बरोबरच आहे. परंतु त्यामुळे चरित्रकारावर एक जबाबदारी येते. वाक्यातून गेलेला कर्ता त्याने परत आणावयाचा. आणि आणताना एकाच कर्त्याला आणून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवावयाचे नाही. माझ्या मते या तीन पुस्तकांची परीक्षा याच कसोटीवर व्हावी.

केलरबाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या. त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅक्लिंटॉकबाईंशी प्रदीर्घ मुलाखती केल्या आणि त्यांतून हे पुस्तक उभे केले. वाचनीयतेत त्याला तोड नाही. मुलीने महाविद्यालयात गेले तर तिच्याशी लग्न कोण करील, या धास्तीने आईने घातलेला मोडता. तो ओलांडून १९१९ साली कॉर्नेलमध्ये दाखल झालेली मुलगी. जाझच्या वाद्यवृंदात बँजो वाजविण्याची तिची हौस. परीक्षेच्या उत्तरांत ती इतकी बुडाली की वहीवर नाव घालताना स्वतःचे नावच आठवेना, ही हकीकत. हे सारे केलरबाई इतक्या निरागसपणे सांगतात की आपणही नायिकेच्या प्रेमात पडतो. १९४४ साली बीडल यांनी तिला स्टॅनफर्डला बोलावले तो प्रसंग तर एखाद्या चांगल्या कथेतला वाटावा. पावावर येणाऱ्या एका बुरशीची गुणसूत्रे ओळखण्याचे काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली काही केल्या उलगडा होईना. तेव्हा ती उठली, निलगिरीच्या झाडांखाली जाऊन बसून राहिली, आणि परत आली ती दिसू लागल्याच्या खात्रीनेच. दिसलेही.

या पुस्तकाचे नाव नायिकेच्याच बोलण्यातून आले आहे. त्याचे मराठी करावयाचे तर ‘सजीवाविषयीचा जिव्हाळा’ असे काहीसे होईल. शेतातले एकूणएक रोप तिच्या ओळखीचे होते. रोपाला बोलू द्यावे, घाई करू नये, असा तिचा भाव होता. केलरबाईंना येथे विज्ञानाची एक निराळी रीत दिसते. निसर्गाला दरडावून विचारणारी नव्हे, कान देऊन ऐकणारी. त्यांच्या पुस्तकाचा खरा प्राण हा आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो.

आता त्या शोधाविषयी. मॅक्लिंटॉकबाईंच्या हाती काही कणसे अशी होती की त्यांच्या दाण्यांवर ठिपके असत. पांढुरक्या दाण्यावर जांभळे शिंतोडे. कोठे मोठे, कोठे राईएवढे. हा खेळ त्यांनी असा उलगडला. रंगाच्या जनुकात एक परका तुकडा येऊन बसला की रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून दुसरीकडे गेला की त्या पेशीत आणि तिच्या लेकीसुनांत रंग पुन्हा सुरू होतो. तुकडा लवकर उठला तर ठिपका मोठा, उशिरा उठला तर बारीक. आणि त्याला उठविणारा दुसराच एक तुकडा असतो. तो नसेल तर पहिला जागचा हलत नाही. म्हणजे गुणसूत्रावरील जनुके मण्यांसारखी कायमची ओवलेली आहेत ही समजूत खरी नव्हे. काही मणी उडी मारतात. १९४४ च्या हिवाळ्यापासून सुमारे सहा वर्षे हे काम चालले. तोपर्यंत त्या कॉर्नेल सोडून, मिसूरी विद्यापीठात काही वर्षे काढून, न्यू यॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन केंद्रात आल्या होत्या. १९५१ साली तेथल्या परिषदेत त्यांनी हे मांडले, तेव्हा श्रोते गप्प बसले.

येथून पुढे साचा आपले काम सुरू करतो. केलरबाई म्हणतात त्याचा मथितार्थ असा की जगाला ते कळले नाही. बाई एकाकी पडल्या. १९५३ नंतर प्रमुख नियतकालिकांतून लिहिणे त्यांनी जवळजवळ थांबविले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जिवाणूंत तसेच उड्या मारणारे तुकडे सापडले, तेव्हा जग त्यांच्याकडे वळले. पुस्तक बाहेर आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एक्याऐंशी वर्षांच्या मॅक्लिंटॉकबाईंना, कोणाशीही वाटून न घेता, नोबेल जाहीर झाले. इतका योग्य वेळी आलेला शेवटचा अध्याय महिपतीलाही मिळाला नसेल! केलरबाईंनी काही तो लिहिला नव्हता. पण वाचकांनी तो पुस्तकाला जोडला, आणि तेव्हापासून उपेक्षित स्त्री-शास्त्रज्ञ म्हटले की बार्बरा मॅक्लिंटॉक हे नाव पुढे येते.

कम्फर्ट यांनी या आख्यायिकेलाच हात घातला. पुस्तकाच्या नावातील इंग्रजी शब्दाचा अर्थ शेत असाही होतो आणि अभ्यासाचे क्षेत्र असाही. आपल्या ‘क्षेत्र’ शब्दात हे दोन्ही अर्थ पूर्वीपासूनच आहेत, तेव्हा ‘गुंतलेले क्षेत्र’ म्हटले की काम भागते. कम्फर्ट यांनी बाईंची टिपणे तपासली, अनेकांना भेटून विचारले, आणि काही साधे प्रश्न पुढे ठेवले. जी बाई १९४४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून येते, १९४५ साली जेनेटिक्स सोसायटीची पहिली स्त्री-अध्यक्ष होते, तिला उपेक्षित म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने? मक्यातले तुकडे जागा बदलतात हे तर विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रिंक आणि निलन यांनी १९५२ सालीच स्वतंत्रपणे दाखवून दिले होते. मक्याचे अभ्यासक ते मानीत होते. मग नाकारले गेले ते काय?

कम्फर्ट यांचे उत्तर असे की उडी नव्हे, तर उडीवरून बाईंनी रचलेला सिद्धान्त नाकारला गेला. हे तुकडे म्हणजे जनुकांचे नियंत्रक होत. रोप लहानाचे मोठे होताना कोठे पान व्हावे, कोठे फूल व्हावे, हे त्यांच्याच ठरल्या वेळी हलण्याने ठरते, अशी त्यांची धारणा होती. बाईंना स्वतःला मोलाचे वाटे ते हेच. उड्या मारणे हा त्यांच्या लेखी केवळ त्याचा एक भाग. नोबेल मात्र मिळाले ते उड्यांसाठी. म्हणजे जगाने अखेर त्यांचे ऐकले हे अर्धेच खरे. जे त्यांना सांगावयाचे होते ते बाजूला ठेवून जगाने आपल्याला हवे तेवढे घेतले. आख्यायिकेपेक्षा ही हकीकत अधिक करुण आहे. छळ, मग जयजयकार, असा सोपा उतार तिला नाही.

‘जिव्हाळा’ या शब्दाकडेही कम्फर्ट यांच्या पुस्तकानंतर मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. गूढ अंतर्दृष्टी म्हणून ज्याची वाहवा झाली त्याच्या मागे टिपणांचे ढीग आहेत. कोणत्या कणसाचा कोणाशी संकर, कितव्या ओळीतले कितवे ताट, ठिपके किती आणि कसे. घरात चाळीस वर्षे स्वयंपाक केलेली बाई भात शिजल्याचे वासावरून सांगते, तेव्हा आपण त्याला साक्षात्कार म्हणत नाही. डोळा तयार होतो तो असाच. केलरबाईंना हे ठाऊक नव्हते असे नव्हे. परंतु त्यांची लेखणी नादाला लागली की साक्षात्काराकडे झुकते, आणि वाचक तेवढेच उचलतो.

मग दोहोंत थोर पुस्तक कोणते? मी पुष्कळ घोळविल्यावर असे म्हणेन की सत्याच्या बाजूने कम्फर्ट यांचा तोल अधिक सावरलेला आहे. पण माणूस पाहावयाचा असेल तर केलरबाईंकडेच जावे लागते. कम्फर्ट यांच्या पुस्तकात मध्यंतरी संकरांची आणि सिद्धान्ताच्या फेरफारांची अशी दाटी होते की ज्याला वनस्पतिशास्त्राची गोडी नाही तो पन्नासेक पाने खुशाल उलटील. शिवाय आख्यायिका मोडणाऱ्या लेखकाला मोडण्याचा म्हणून एक आनंद असतो, तो कम्फर्ट यांनाही थोडा झालेला दिसतो. बाईंनीच आपली दंतकथा रचावयास हातभार लावला, असे ते सुचवितात. असेल. पण एकटीच्या आयुष्याची सुसंगती लावताना म्हातारपणी कोण थोडी दंतकथा रचीत नाही? उपेक्षेचे पुरावे कमी पडले म्हणून एकटेपण खोटे ठरत नाही. परिषदेतली ती शांतता बाईंना कशी वाटली, हे टिपणांच्या ढिगात सापडावयाचे नाही. ते केलरबाईंच्या पुस्तकातच सापडते.

मात्र एका बाबतीत दोघेही मला उणे वाटतात. नायिकेवरचा प्रकाश दोघांनीही इतका प्रखर ठेवला आहे की शेतातली बाकीची माणसे सावलीत जातात. यासाठीच तिसरे पुस्तक वाचावयाचे.

बीडल हे नेब्रास्कातील वाहू गावच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. बर्ग आणि सिंगर हे दोघेही स्वतः शास्त्रज्ञ. त्यांचे लेखन केलरबाईंइतके रसाळ नाही, कोठे कोठे तर संस्थेच्या अहवालासारखे सपाट होते. पण त्यांच्या पुस्तकात शेत भरलेले आहे. एमर्सन यांच्याकडे असलेला हा तरुण मॅक्लिंटॉकविषयी तक्रार घेऊन गेला होता, ती गोष्ट मला फार आवडते. मुलगी इतकी तल्लख की बीडलच्या स्वतःच्या निरीक्षणांचा अर्थ ती बीडलच्या आधी लावून मोकळी होई! एमर्सन यांनी तक्रार ऐकून घेतली आणि उलट त्यालाच सांगितले की अर्थ सांगणारे कोणी जवळ आहे याबद्दल आभार मान. एका वाक्यात त्या प्रयोगशाळेचा स्वभाव कळतो. पुढे याच मंडळींनी मक्याच्या अभ्यासकांचे एक पत्रक सुरू केले. छापून न आलेली निरीक्षणे त्यात सर्वांसाठी खुली ठेवावयाची. आपले संशोधन कोणी चोरील या भीतीने टिपणवही उशाखाली घेऊन झोपणाऱ्यांच्या जगात ही रीत विरळाच म्हणावयाची.

बीडल यांना त्या शेतात एका प्रश्नाने धरले, तो आयुष्यभर सुटला नाही. मका आला कोठून? रानात मका कोठेही उगवत नाही. कणसाचे दाणे आपले आपण गळत नाहीत. माणसाने पेरला नाही तर हे पीक नाहीसे होईल. मेक्सिकोत टिओसिंटे नावाचे एक गवत आहे. त्याला फांद्या पुष्कळ, प्रत्येक लांब फांदीच्या टोकाला नरफुलांचा तुरा; आणि कणीस म्हणजे जेमतेम पाच ते बारा दाण्यांची बोटभर शेंगच, प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात. मक्याशी त्याचे दिसण्यात काही साम्य नाही, पण संकर सहज होतो. हाच मक्याचा पूर्वज, असे बीडल यांनी १९३९ साली मांडले. पॉल मँगल्सडॉर्फ यांचा पक्ष उलट होता. त्यांच्या मते मक्याचा खरा पूर्वज केव्हाच नष्ट झाला आणि टिओसिंटे हे मागाहून झालेले संकरित अपत्य. वाद चालू राहिला. बीडल मध्यंतरी बुरशीकडे वळले, नोबेल मिळविले, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. आणि १९६८ साली त्या पदावरून निवृत्त झाल्यावर पुन्हा टिओसिंटे पेरावयास लागले.

त्यांनी केले ते असे. मका आणि टिओसिंटे यांचा संकर करून त्याच्या दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० रोपे वाढविली आणि त्यांत अस्सल मक्यासारखी किती, अस्सल टिओसिंटेसारखी किती, हे शोधले. हिशेब साधा आहे. दोहोंत एकाच जनुकाचा फरक असता तर चारांत एक रोप मक्यासारखे निघाले असते. दोन जनुकांचा असता तर सोळांत एक. चारांचा असता तर २५६ त एक. पाचांचा असता तर १,०२४ त एक. प्रत्यक्षात सुमारे ५०० त एक निघाले. म्हणजे एवढे प्रचंड दिसणारे अंतर चार-पाच मुख्य बदलांचे! सत्तरीला टेकलेला नोबेल-विजेता माणूस उन्हात उभा राहून एकेक कणीस पाहत आहे, हे चित्र बर्ग आणि सिंगर यांनी काही खास रंगवलेले नाही. रंगविण्याची गरजही नव्हती.

बीडल १९८९ साली वारले, मॅक्लिंटॉकबाई १९९२ साली. त्यानंतर जे घडले ते या तिन्ही पुस्तकांत पूर्णपणे येऊ शकत नव्हते, म्हणून मी सांगतो. जॉन डोब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ते चार-पाच बदल खरोखरच एकेक करून शोधावयास घेतले. १९९७ साली त्यांनी असे एक जनुक वेगळे काढले की ज्याच्या जोरावर टिओसिंटेच्या लांब फांद्या आखूड होतात, आणि फांदीच्या टोकाला नरफुलांच्या तुऱ्याऐवजी मादीफुलांचे कणीस धरते. २००५ साली दाण्याचे दगडी कवच उघडणारे दुसरे जनुक सापडले. त्याआधी २००२ साली मका एकदाच, दक्षिण मेक्सिकोत, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटेपासून झाला असा निर्वाळा मिळाला होता. बीडल यांचा पक्ष खरा ठरला.

परंतु मला थांबावयास लावले ते २०११ सालच्या निबंधाने. फांद्या आखूड करणारे ते जनुक मक्यात आणि टिओसिंटेत मुळात तेच आहे. मक्यात ते अधिक जोराने काम करते एवढेच. का करते? कारण त्याच्यापासून पुष्कळ अंतरावर, गुणसूत्राच्या त्याच दोऱ्यात, एक उडी मारून आलेला तुकडा बसलेला आहे. अंगणात चौकोन आखून मुली एका पायावर उड्या मारीत जो खेळ खेळतात त्याच्या इंग्रजी नावावरून या तुकड्याला हॉपस्कॉच म्हणतात. माणसाने मका घडविण्याच्याही निदान १०,००० वर्षे आधी तो तेथे येऊन बसला होता. आपल्या शेतकरी पूर्वजांनी तो असलेली रोपे तेवढी निवडून राखली.

१९२९ च्या छायाचित्रातील दोघांचे दोन निराळे प्रश्न येथे एका दोऱ्यात येऊन मिळाले. बीडलने विचारले होते, मका कोठून आला. मॅक्लिंटॉकने सांगितले होते, हे तुकडे जनुकांवर हुकमत चालवितात. तिचा अख्खा सिद्धान्त यामुळे सिद्ध झाला असे कोणी म्हणू नये. हॉपस्कॉच तिच्या ठिपक्यांवरच्या तुकड्यांच्या जातीचा नाही, आणि रोप वाढताना तो वेळापत्रकाप्रमाणे हलतो असेही नाही. पण जनुकाच्या बाहेरून आलेला तुकडा जनुकाचा आवाज चढवू शकतो, आणि त्यामुळे फुलांचा तुरा जाऊन कणीस येऊ शकते, एवढे तर उघड झाले. कम्फर्ट यांनी सिद्धान्ताची नाकारलेली बाजू इतक्या नेटाने पुढे आणली नसती, तर २०११ च्या निबंधाचे महत्त्व मला अर्धेच कळले असते. आणि बर्ग-सिंगर वाचले नसते तर बीडलची आठवणही झाली नसती. चरित्रे एकमेकांच्या उजेडात वाचावीत, असे मी सुरुवातीलाच म्हणालो त्याचे कारण हे.

वाचण्याचा क्रम विचाराल तर आधी केलरबाई, मग बीडल, मग कम्फर्ट. कम्फर्ट आधी वाचले तर केलरबाईंच्या पुस्तकातला आनंद हातचा जातो, आणि दिवाळीच्या सुट्टीत तसे करणे बरे नव्हे.

एक नाव राहिले. हॅरिएट क्राइटन ही १९२९ साली कॉर्नेलला शिकावयास आली, वय वीस. मॅक्लिंटॉकने तिला हाताशी धरले आणि एक काम दिले. गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रे खरोखरच आपले तुकडे अदलाबदल करतात, असे तेव्हा सर्व मानीत; पण पाहिले कोणी नव्हते. मक्याच्या नवव्या गुणसूत्राची एक जात त्यांच्याकडे अशी होती की एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला जादा शेपूट. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत. त्यांच्या मध्ये दाण्याच्या रंगाचे आणि दाण्यातील पिठाच्या चिकटपणाचे जनुक. दाण्यांतले गुण वेगळे झाले तेथे गाठ आणि शेपूटही वेगळी झालेली दिसली. आणखी एक हंगाम मोजून मग लिहावे असा दोघींचा विचार होता, टी. एच. मॉर्गन पाहुणे म्हणून कॉर्नेलला आले होते, त्यांनी लगेच लिहावयास लावले. ऑगस्ट १९३१ मध्ये निबंध छापून आला. जर्मनीत कुर्ट स्टर्न फळमाशीवर तेच काम करीत होते हे मॉर्गन यांना ठाऊक होते, असे केलरबाई सांगतात. आयुष्य फळमाशीवर घालविलेल्या त्या गृहस्थाला एकदा मका पुढे जावा असे वाटले!

त्या निबंधावर क्राइटनचे नाव मॅक्लिंटॉकच्या आधी आहे. पुढे तिने वेलस्ली महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविले, महायुद्धात नौदलाच्या स्त्री-पथकात काम केले, १९५६ साली अमेरिकेच्या वनस्पतिशास्त्र संस्थेची ती अध्यक्ष झाली, आणि २००४ साली वारली. या तिन्ही पुस्तकांत तिला मिळालेली जागा थोडीच आहे. १९२९ च्या त्या छायाचित्रात ती नाही.